मागेच आहे, ताई

ही घटना माझ्या सख्ख्या भावाची आहे. ऐकीव नाही. मी तिथे होते.

आणि रात्र नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण या पानावरच्या गोष्टींत सगळं मध्यरात्रीच घडतं. आमच्या वेळी भर दुपार होती. डोक्यावर ऊन होतं आणि गाडीत चहाचा थर्मास होता.

खोटं वाटलं तर वाटू दे. पटवून द्यायला मी बसलेले नाही. बोलून सांगता आलं असतं तर लिहायच्या भानगडीत पडलेच नसते, कारण मी बोलणारी बाई आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून पेशंटना आत बोलवायचं, हेच माझं काम. "पुढचे या." दिवसभर एवढंच. माइक बंद पडला तरी माझं काही अडायचं नाही.

भाऊ म्हणायचा, "ताईने हाक मारली की मेलेला पेशंटसुद्धा उठून रांगेत उभा राहील."

तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो.

भाऊ माझ्याहून बराच लहान. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, आणि त्यालाही ते चालायचं. स्वयंपाकघरांची कपाटं बनवायचा. हात असा, की त्याने केलेला खण बोटाने ढकलला तरी शेवटचं वीतभर अंतर आपणहून हळूच जायचा आणि टक्क करून बसायचा. त्या 'टक्क'वर त्याचा फार जीव.

आणि दुसरा जीव ओव्हरलँडिंगवर.

हा शब्द घरात त्यानेच आणला. आईला वाटलं, काहीतरी जमिनीचा व्यवहार आहे. त्याने समजावलं, की गाडीतच घर करायचं. टपावर तंबू, मागे पाण्याची टाकी, शेगडी, खणात चमच्यापासून पान्यापर्यंत सगळं. आणि जिथे डांबर संपतं तिथून पुढे निघायचं. दिवसचे दिवस.

आई म्हणाली, "म्हणजे घर असून बेघर व्हायची हौस."

मी विचारलं, की मग सहलीला जातो तसंच की. त्यात काय एवढं?

तो एकदम गंभीर झाला. एरवी कधी व्हायचा नाही.

"सहलीत पोचायचं असतं, ताई. इथे जात राहायचं असतं. पोचलो की संपलं ना."

हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरले. आता कोणालाच सांगत नाही.

त्याच्या नादाने माझ्या नवऱ्यानेही गाडी घेतली. मग मीही ओढली गेले. खोटं कशाला बोलू, मला आवडायला लागलं. सकाळी तंबूची चेन उघडायची आणि समोर कोणाचं घर नाही, गेट नाही, नंबर घेऊन उभा असलेला पेशंट नाही. माणसाला आणखी काय हवं?

त्या खेपेला आम्ही तीन गाड्या होतो.

सगळ्यांत पुढे कप्तान. कसला कप्तान, निवृत्त बसड्रायव्हर. पण ते मैदान त्यांनी अनेकदा पार केलेलं, म्हणून मान त्यांचा. मधे मी आणि नवरा. शेवटी धाकटा आणि त्याची बायको, म्हणजे माझी भावजय.

भावजयीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. गोड पोरगी. मला "ताई, ताई" करत मागे मागे असायची. त्या सकाळी तिची पाठ धरली होती. धाकट्याची गाडी फार आपटायची, म्हणून मीच म्हटलं, चल, आमच्या गाडीत मागे पाय पसरून बस. ती आली.

त्यामुळे शेवटच्या गाडीत धाकटा एकटा होता.

आता दोन गोष्टी नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पहिली गोष्ट, नियम. ओळीने जाताना प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळायचं. वळण आलं की थांबायचं, आरशात मागच्याचे दिवे दिसले की मगच वळायचं. धुळीत गाडी दिसत नाही, म्हणून भर उन्हातही दिवे लावून चालवायचं. हा नियम पाळला की कोणी हरवत नाही, असं सगळेच सांगतात.

दुसरी गोष्ट, वॉकीटॉकी. प्रत्येक गाडीत एक सेट. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबून ठेवलं तर आपलं सगळ्यांना ऐकू जातं, पण आपल्याला कोणाचं काही ऐकू येत नाही.

शेवटच्या गाडीला आम्ही शेपूट म्हणायचो. प्रत्येक वळणावर मी सेटवर हाक द्यायची, "ये, मागे ये." आणि धाकट्याने म्हणायचं, "शेपूट आलं, ताई." मग आम्ही वळायचं. दोन दिवस हेच चाललं होतं. नवरा म्हणाला, ही सुट्टीवर येऊनही पेशंटच बोलावतेय.

ते मैदान म्हणजे कधीकाळचं तळं. पाणी आटून गेलेलं. पांढरं, सपाट, नजर पोचेल तिथपर्यंत काही नाही. वाट कळावी म्हणून मधून मधून लोखंडी पिंपं उभी केलेली. एक पिंप लाल होतं.

कप्तानांनी निघायच्या आधी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं. लाल पिंपापाशी डावीकडे वळायचं. सरळ कोणीही जायचं नाही. सरळ गेलं की वर कोरडा पापुद्रा आहे आणि खाली चिखल. गाडी आत गेली की गेली.

धाकट्याने मान डोलावली. मी बघितलं होतं.

आम्ही निघालो. कप्तानांच्या धुळीत आम्ही, आमच्या धुळीत तो.

लाल पिंप आलं. कप्तान वळून पुढे गेले. नवऱ्याने गाडी थांबवली. मी आरशात बघत बसले.

धूळच धूळ.

मग त्या धुळीत...

दोन दिवे.

त्यातला एक किंचित वर बघणारा. धाकट्याने वर्कशॉपच्या खांबाला गाडी घासली होती, तेव्हापासून तो दिवा तसाच होता. त्या गाडीला आम्ही तिरळीच म्हणायचो. असे दिवे दुसऱ्या कोणाचे असणं शक्य नाही.

मी बटण दाबलं. "ये, मागे ये."

"शेपूट आलं, ताई."

त्याचा आवाज. नेहमीसारखा.

आम्ही वळलो. पुढे बराच वेळ मी अधूनमधून आरशात बघत होते. दिवे होते. तेवढेच लांब, तेवढेच मोठे. भावजयही एकदा मागे वळून म्हणाली, की आज बरे शहाण्यासारखे चालवतायत.

पुढे कप्तान चहासाठी थांबले. आम्ही त्यांच्याशेजारी गाडी लावली. मागचे दिवेही थांबले. धुळीतच, जरा लांब.

नवरा म्हणाला, "हा तिकडे का थांबला?"

मी थर्मासचं झाकण उघडलं. वारा पडलेला होता. धूळ हळूहळू खाली बसत होती.

बसली.

तिथे...

काहीच नव्हतं.

गाडी नाही. दिवे नाहीत. पांढरी जमीन, लख्ख ऊन.

कप्तान मागे चालत गेले. वाकून जमीन बघितली. त्या पांढऱ्या थरावर चाकं अशी उमटतात, की पोरालाही मोजता यावीत. कप्तानांच्या गाडीची चाकं होती. आमच्या गाडीची होती.

तिसऱ्या गाडीची नव्हती.

भावजय मला विचारायला लागली, की ताई, ते कुठे आहेत? मी म्हटलं, असेल गं, चाक बदलत असेल मागे. बोलताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नव्हता. इतका वेळ मग आमच्या मागे कोण होतं?

नवऱ्याने सेट उचलला. तेवढ्यात सेट आपणहून बोलला.

खर्र...

मग इंजिनाचा आवाज. नुसता. कोणी बोलत नव्हतं.

कप्तान म्हणाले, "बटण अडकलंय त्याचं. दाबलेलंच राहिलंय. आपल्याला त्याचं सगळं ऐकू येईल, त्याला आपलं काही ऐकू जाणार नाही."

इंजिनाच्या आवाजात धाकटा शीळ घालत होता. बेसूर, त्याच्या सवयीची. भावजयीला रडू फुटलं आणि ती हसली पण. सुखरूप आहे म्हणाली.

मग शीळ थांबली.

"हो ताई, दिसतेयस की. मागेच आहे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"सरळच ना?"

आणि मग त्या सेटमधून, त्याच्या गाडीतून, इंजिनाच्या घरघरीखालून, अगदी बारीक...

"सरळ ये. मागे ये."

माझा आवाज होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड बंद होतं. माझ्या एका हातात थर्मास होता आणि दुसऱ्यात झाकण.

भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही बोललात?"

मी नाही अशी मान हलवली. बोलायची भीतीच वाटली.

कप्तान पुटपुटले, की हे होऊच शकत नाही, बटण दाबलेलं असताना त्याच्या सेटवर कोणाचा आवाज येणारच नाही. एवढं बोलून ते आपल्या गाडीकडे धावले.

आम्ही गाड्या वळवल्या. लाल पिंपाकडे, मिळेल त्या वेगाने. सेट माझ्या मांडीवर होता. बंद करायची माझी हिंमत नव्हती आणि ऐकवतही नव्हतं.

धाकटा गप्पा मारत होता. माझ्याशी.

आईचा गुडघा, वर्कशॉपचं नवं यंत्र, मी लहानपणी त्याचं बोट धरून शाळेत सोडायचे ते. मधेच थांबायचा, ऐकायचा, हसायचा. काय ऐकून हसायचा ते आम्हाला कळत नव्हतं. एकदा म्हणाला, "तू पुढे असलीस ना ताई, की बरं वाटतं. रस्ता बघावा लागत नाही."

मी त्या बहिऱ्या सेटवर ओरडत होते. थांब रे, थांब, ती मी नाही. माझं मलाच ऐकू येत होतं, बस्स. आयुष्यभर ज्या आवाजाच्या जोरावर पोट भरलं तो आवाज त्या वेळी कवडीच्या कामाचा नव्हता.

मग सेटमधून एक वेगळा आवाज आला.

खण सरकल्याचा...

टक्क.

भावजय ताठ बसली. "हा मागचा खण आहे. चमच्यांचा."

गाडी चालवणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. गाडी तर चालूच होती, इंजिन ऐकू येत होतं.

दुसरा खण. टक्क.

तिसरा.

कोणीतरी मागे बसून एकेक खण उघडून बघत होतं. सावकाश. भाड्याची खोली घ्यायला आलेलं माणूस बघतं तसं.

धाकट्याला ते ऐकू येत नव्हतं की काय, देव जाणे. तो आईच्या गुडघ्याबद्दलच बोलत होता.

लाल पिंप आलं.

तिसऱ्या गाडीची चाकं तिथे होती. डावीकडे वळलेली नव्हती. नाकासमोर सरळ गेली होती. त्यांच्या पुढे कोणाचीच चाकं नव्हती. ज्या गाडीच्या मागे तो चालला होता ती गाडी जमिनीवर उमटलेलीच नव्हती.

लांबवर एक धुळीचा ठिपका दिसत होता. पुढे पुढे जाणारा.

नवऱ्याने मागचा-पुढचा विचार न करता गाडी सरळ घातली. थोडं अंतर गेली असेल नसेल, पापुद्रा फुटला आणि पुढची दोन्ही चाकं चिखलात बसली. कप्तानांनी मागून दोर लावून ओढून काढली. त्यात किती वेळ गेला ते विचारू नका. मला प्रत्येक क्षण आठवतो.

धाकट्याची गाडी आमच्या गाडीहून जड होती. ती त्याच चिखलावरून अलगद चालली होती. पापुद्र्याला चीरसुद्धा गेली नव्हती.

भावजय पळत सुटली. अनवाणी. मी तिला गाठून कमरेला मिठी मारली. ती मला मारत होती, ओरबाडत होती. मी सोडलं नाही.

तेवढ्यात सेटवर धाकट्याचा आवाज आला.

"थांबलीस का? बरं. मीपण थांबतो."

इंजिन बंद झालं.

लांबचा ठिपकाही थांबला.

आता सेटमध्ये काहीच नव्हतं. त्याचा श्वास तेवढा होता. आणि मग तो हळू आवाजात म्हणाला...

"ताई, तू अशी पाठमोरी का उभी आहेस?"





मग दार उघडल्याचा आवाज. त्याच्या बाजूचं नव्हे. त्या गाडीचं पलीकडचं दार करकरायचं, त्याचं.

धाकटा म्हणाला, "ये. बस."

त्या आवाजात तो घाबरलेला नव्हता. थकलेला होता. हे मला सगळ्यांत जास्त छळतं.

दार बंद झालं. सीटबेल्ट लावल्याचा आवाज आला.

आणि बटण सुटलं. सेट मोकळा झाला.

आता आमचं त्याला ऐकू जाणार होतं. मी सेट तोंडाशी धरला आणि जीव खाऊन ओरडले. "धाकट्या, मी इथे आहे. लाल पिंपापाशी. गाडीतून उतर. ती मी नाही."

बटण सोडलं. वाट बघितली.

खर्र...

"पुढचे या."

माझाच आवाज. दवाखान्यातला. जसाच्या तसा, शेवटी किंचित वर जाणारा.

त्यानंतर सेट कधीच बोलला नाही.

धूळ बसली तेव्हा ती गाडी दिसली. मैदानाच्या मधोमध, दिवे लावून उभी. एक दिवा वर बघणारा. आमच्याकडे तोंड करून. तो आमच्यापासून दूर जात होता, मग गाडीचं तोंड आमच्याकडे कसं झालं? मला विचारू नका. मलाही कोणी सांगितलेलं नाही.

आम्ही हॉर्न वाजवले. दिवे उघडमीट केले. कप्तानांनी गाडीच्या टपावर चढून शर्ट हलवला. नवरा दोनदा पायी गेला आणि दोनदा मांडीपर्यंत रुतून परतला. मदत बोलवायला फोन लागेना, तेव्हा कप्तान एकटेच गाडी घेऊन फोन लागेल तिथपर्यंत गेले.

आम्ही तिघं बसून राहिलो. समोर भाऊ. दिसतोय, पण जाता येत नाही.

ऊन उतरलं तसे ते दिवे जास्त स्पष्ट दिसायला लागले. भावजय त्यांच्याकडे बघत होती. तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. अंधार पडल्यावर दिवे पिवळे झाले. मग लाल. मग बॅटरी संपली असावी.

आधी सरळ दिवा गेला. तिरळा मागाहून गेला.

मदतीची माणसं उजाडल्यावर आली. फळ्या टाकत टाकत, सरपटत गाडीपर्यंत पोचली. त्यांच्या मोठ्या साहेबाने परत येऊन टोपी काढली आणि नवऱ्याला बाजूला नेलं, पण मी मागोमाग गेलेच.

गाडीत कोणी नव्हतं.

दारं आतून बंद. काचा वर. किल्ली जागेवर. वॉकीटॉकी खाचेत नीट लावलेला. त्याचं बटण मी नंतर स्वतः दाबून बघितलं. कुठेही अडकत नव्हतं.

गाडीभोवती पावलं नव्हती. एकाही माणसाची नाहीत.

आणि पुढच्या दोन्ही सीटचे बेल्ट लावलेले होते. रिकामे.

पुढे कित्येक दिवस शोधलं. विमान फिरवलं, कुत्री आणली. काही सापडलं नाही. कागदावर 'बेपत्ता' असं लिहिलं गेलं. आई अजून दारात त्याच्या चपला ठेवते. मी ठेवू देते.

कप्तानांनी गाडी विकली. आमची गाडी खाली धूळ खात उभी आहे.

भावजयीचं मात्र वेगळंच झालं.

तिने मला दोष दिला नाही. कधीच नाही. आमचं दुःख एकच होतं, मी रोज तिला फोन करायचे. एक दिवस ती म्हणाली, "ताई, रागावू नका. तुम्ही लिहून पाठवत जा. तुमचा आवाज मला ऐकवत नाही."

मी रागावले नाही. मलाही माझा आवाज ऐकवत नव्हता. दवाखान्यात मी मागच्या खोलीत फायली लावायचं काम मागून घेतलं. घरीसुद्धा कामापुरतं बोलते. नवरा म्हणतो, घर खायला उठतं.

तर आम्ही लिहायला लागलो. ती मेसेज करायची, मी मेसेज करायचे. ती माहेरी राहायला गेली होती, छोट्या गाडीने नोकरीला जायची. जरा सावरतेय असं वाटत होतं.

मग मागच्या महिन्यात, दुपारी जेवणाच्या वेळी, तिचा मेसेज आला.

"ठीक आहे ताई, निघते."

मी काही लिहिलंच नव्हतं. फोनही केला नव्हता.

नवरा आणि मी तडक तिच्या माहेरच्या इमारतीकडे गेलो. ती तळमजल्याच्या पार्किंगमध्ये होती. गाडी सुरू, दिवे लावलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. नजर समोरच्या भिंतीकडे. मी काचेवर टकटक केली. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा समोर बघितलं, पुन्हा माझ्याकडे. दोघींतली कोणती खरी, हे तिला ठरवता येत नव्हतं.

काच खाली करून ती म्हणाली, "तुम्ही पुढे होतात ना? नंबर पुकारलात माझा."

मी तिचं डोकं पोटाशी धरलं. बोलले नाही. तेवढ्यात शेजारच्या सीटकडे लक्ष गेलं.

बेल्ट लावलेला होता.

त्या दिवशी तिची किल्ली मी आणली. दुसरीही मागून घेतली. तिच्या आईला सगळं सांगितलं, म्हणजे नवऱ्याने सांगितलं. आणि आम्ही दोघींनी एक गोष्ट ठरवली. बोलून नाही, एकमेकींसमोर बसून, फोनवर टाइप करून. जिने धाकट्याला नेलं ती फक्त 'ये' म्हणते. म्हणून मी तुला यापुढे कधीच 'ये' म्हणणार नाही. माझ्या आवाजात 'ये' ऐकलंस तर ती मी नाही. मी म्हटलंच तर एकच शब्द म्हणेन.

थांब.

तिने मान डोलावली. धाकट्याने डोलावली होती तशीच.

हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

हे सगळं मी आठवडाभर थोडं थोडं लिहीत होते. ती हे पान रोज वाचते, म्हणून इथे. तिच्याशी बोलायची सोय मला उरलेली नाही. तुमच्यापैकी कोणाला काही कळत असेल, कुठे असं घडलेलं माहीत असेल, तर कृपा करून सांगा. मला उपाय सुचत नाही.

आज सगळं इथे टाकणारच होते. तेवढ्यात फोन वाजला. तिचा मेसेज होता.

नवरा जिन्यावरून पळतच गेलाय. मी गेले नाही. मला समोर बघून ती काय करेल, कोणाच्या मागे जाईल, सांगता येत नाही. तिच्या दोन्ही किल्ल्या इथे माझ्या समोर टेबलावर आहेत. मी हाक मारू शकत नाही, फोन करू शकत नाही. नुसती बसलेय.

मेसेज असा आहे.

"ताई, तुम्ही थांब म्हणालात म्हणून थांबलेय. गाडी सुरूच आहे. पण तुम्ही अशा पाठमोऱ्या का उभ्या आहात?"